प्रोग्रॅम कोणत्या गेजवर टाकायचा?

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणक’ हा शब्द वाचून काही जण चहाला उठले असतील, तर माझी तक्रार नाही. मी डिप्लोमावाला, पी-वेचा माणूस. रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांतच वीस वर्षं गेली. प्रोग्रॅमिंग हौसेनं शिकलो. पण आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. आपल्या मंडळाची रक्तदात्यांची वही.

आपण रेल्वेची माणसं, बिऱ्हाड पाठीवर. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता एका बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. या गटाच्या रुग्णाला दुसरं रक्त चालत नाही. वहीत सात नावं होती. तिघांची बदली झालेली, दोघांचे फोन बंद, एकानं महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. सातवे गृहस्थ नुकतेच ड्यूटीवरून आले होते, ते तसेच निघाले. बाई आणि बाळ सुखरूप आहेत. पण सातवा नंबरही लागला नसता तर काय, हा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला आणि वही संगणकावर न्यायची ठरली.

लगेच वाद सुरू झाला, कशात करायचं? लॉगिन, माहिती साठवणं, फॉर्म तपासणं ही कामं प्रत्येक वेबसाइटला लागतातच. ती तयार करून दिलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. आपल्या भाषेत तयार फॉर्मेशन. वर रूळ तेवढे आपण टाकायचे.

इंजिनीअरिंगला गेलेली आपली मुलं म्हणाली, काका, रिअ‍ॅक्ट आणि नोड घ्या. लेखा विभागातले एक मित्र लाराव्हेलच्या बाजूचे. माझा कल जांगोकडे. एकानं विचारलं, यात सगळ्यात फास्ट कोणतं? मंडळी, आपली यादी चारशे नावांची. लूपलाइनवर वंदे भारत आणून करायचं काय?

खरा प्रश्न वेगळा आहे. माझी बदली झाल्यावर हे कोण सांभाळणार, आणि पाच वर्षांनी हा सांगाडा जिवंत असेल का?

गेजचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १८७०च्या दशकात खर्च वाचवायचा म्हणून मीटर गेज टाकलं. १९९२पासून युनिगेज मोहिमेत तेच रूळ काढून १६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज टाकावं लागलं. नुसते रूळ सरकवून भागत नाही. पूल, प्लॅटफॉर्म, डबे, इंजिनं, सगळ्यालाच हात लागतो. सॉफ्टवेअरमध्ये हेच झालं आहे. गूगलचं अँग्युलरजेएस २०१० साली आलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. २०१६ साली अँग्युलर २ आलं ते मुळापासून नव्यानं लिहिलेलं. जुने प्रोग्रॅम त्यावर तसेच चढेनात. २०२१ संपताना जुन्याचा आधारही संपला. एवढी मोठी कंपनी पाठीशी असून ही गत.

रिअ‍ॅक्ट चांगलंच आहे, पण ते पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरतं. लॉगिन, डेटाबेस यांची निवड वेगळी करायची, म्हणजे पाच ठिकाणचे सुटे भाग आणि पाचही सांभाळायचे. पायथनमधलंच फ्लास्क मला आवडतं. ते आपल्या पुश ट्रॉलीसारखं, चार माणसांनी उचलून बाजूला ठेवावं इतकं हलकं. पण ट्रॉलीवर ब्रेकव्हॅन आपली आपणच बांधायची.

लाराव्हेलनं मात्र मला दोन आठवडे विचारात पाडलं. २०११पासून चाललेलं, सगळा सरंजाम आत, आणि पीएचपीमुळे स्वस्तातल्या होस्टिंगवर सहज चालतं. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला ही गोष्ट लहान नाही. जांगोला थोडे पैसे जास्त लागतात, हे खजिनदारांसमोर सांगतो.

तरीही जांगो घेतलं. हे जन्मलं अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्रात, आणि २००५ साली सर्वांना खुलं झालं. अंक निघायची वेळ टळत नसते, त्यामुळे यात झटपट काम उरकायची सोय आहे. माहितीचे रकाने सांगितले की नोंदी भरायचं, शोधायचं पान ते स्वतः तयार करतं. कोणी काय पाहायचं, हेही ठरवता येतं. आपल्या लेकीसुनांचे फोन नंबर त्या यादीत आहेत. ते फोन करणाऱ्या तिघांनाच दिसतील. पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने झाल्याशिवाय पुन्हा रक्त देता येत नाही, तो हिशेब वीस-पंचवीस ओळींत बसला.

आणि सगळ्यात वजनाचं कारण कॉलनीतलंच. आपली बरीच मुलं सीबीएसईला आहेत, आणि तिथे अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेतलं की पायथन शिकवतात. म्हणजे माझ्यानंतर हात लावणारं कुणीतरी इथेच असेल. मुलांनी हे लगेच मान्य केलं असं नाही. एक जण अजून रुसलेला आहे, पण पडद्याचं काम त्यानंच छान केलंय.

आवृत्ती घेतली आहे ५.२. तिला एप्रिल २०२८पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार, त्याआधी पुढची चढवायची. ही तारीख मंडळाच्या इतिवृत्तात लिहून ठेवली आहे. पासवर्ड दोघांकडे आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला यादी छापून वहीतही चिकटवायची, कारण रात्री इंटरनेट बंद असू शकतं.

प्रसादाच्या टेबलाशेजारी फॉर्म ठेवले आहेत. ज्यांच्या बदलीची ऑर्डर निघाली आहे, त्यांनी आज नवीन गावाचं नाव तेवढं लिहून जावं. आणि ओ निगेटिव्हवाल्यांनी जेवायच्या आधी मला भेटावं.