अस्मानी, सुलतानी आणि एक फ्रेंच कलम

आज बोलायचंय ते करारावरच्या दोन शब्दांबद्दल. शब्द फ्रेंच, कागद इंग्रजी आणि सही आपली!

पापड, मसाले किंवा शिवणकामाची मोठी ऑर्डर आली की खरेदीदार पाच-सहा पानी करार पाठवतो. त्यात शेवटाकडे एक कलम असतं, ‘फोर्स मॅज्युर’. आमच्या गटातल्या एका मावशींनी विचारलं, “हा मेजर कोण गं? मिलिटरीतला का?” हसलो सगळ्या, पण प्रश्न बरोबर होता. अर्थ एकीलाही सांगता येईना.

फोर्स म्हणजे बळ, मॅज्युर म्हणजे मोठं. म्हणजे आपल्याला वरचढ ठरणारं बळ. इंग्रजीत याला जवळचा शब्दप्रयोग आहे, ‘ॲक्ट ऑफ गॉड’, देवाची करणी. पूर, भूकंप, वीज त्यात येतात. पण युद्ध? सरकारी बंदी? ती काही देवाची करणी नव्हे. फ्रेंच शब्दांत हे दोन्ही मावतं, म्हणून इंग्रजांनी ते न बदलता तसेच ठेवले. आपल्याकडे मात्र जुना जोडशब्द तयारच आहे, अस्मानी-सुलतानी. आभाळातून येणारं संकट आणि राज्यकर्त्याकडून येणारं संकट. मला तर हे भाषांतर इंग्रजीपेक्षा सरस वाटतं.

असं संकट आलं आणि माल वेळेत देता आला नाही, तर हे कलम आपल्याला दंडापासून वाचवू शकतं. कोरोना आला तेव्हा केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने 19 फेब्रुवारी 2020 ला सरकारी खरेदीपुरतं कळवलं होतं, की या साथीमुळे पुरवठा खंडित झाला तर ती नैसर्गिक आपत्ती समजावी, हे कलम लावता येईल.

पण महागाई यात बसत नाही, हे नीट ऐका. इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांनी याच कलमाचा आधार मागितला होता. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. काम महाग झालं म्हणजे अशक्य झालं असं नाही. तेव्हा उडदाची डाळ कडाडली तरी ठरल्या भावात पापड द्यावेच लागतील. भाववाढीची अट वेगळी लिहून घ्यायची.

पावसाचंही तसंच. श्रावणात पाऊस पडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, मग तो अचानक आलेलं संकट कसा ठरेल? उन्हात वाळवणाचं काम असेल तर पावसाळ्यात मुदत वाढवून मिळेल, हे आधीच कागदावर आणा.

कलमात कोणकोणती संकटं मोजली आहेत ती एकेक वाचून घ्या. बहुधा किती दिवसांत कळवायचं तेही दिलेलं असतं. फोनवर सांगून भागत नाही, लेखी कळवा, पोच घ्या. कलमच नसेल तर? 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 56 आहे, काम अशक्य झालं तर करार रद्द होतो. पण ते न्यायालयात सिद्ध करत बसावं लागतं, आणि तेवढे हेलपाटे कोणत्या गटाला परवडतात?

आम्ही पुढच्या ऑर्डरच्या वेळी खरेदीदाराला म्हटलं, हे कलम मराठीतही लिहून द्या. आधी कुरकुर केली त्याने. मग दिलं.