राखून ठेवायचे औषध आणि खपाचा हिशेब

जीवाणूंवर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु सिद्ध झालेले औषध रुग्णाच्या उशाशी का पोचत नाही, हा प्रश्न वैद्यकाइतकाच आमच्या शास्त्राचाही आहे.

क्लेब्सिएला न्यूमोनी या जीवाणूचे दोन प्रकार बराच काळ वेगळे नांदत होते. एक जहाल, तो धडधाकट माणसाच्या यकृतात गळू करी, पण साध्या औषधांना नमे. दुसरा औषधांना दाद न देणारा; पण त्याचा जोर बहुधा खंगलेल्या रुग्णांवरच चाले. २०१६ साली चीनमधील हांगझौच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागातील पाच रुग्ण या जीवाणूच्या संसर्गानंतर दगावले. औषधांना न जुमानणाऱ्या प्रकाराने जहालपणाची जनुकेही मिळवली होती, असे तेथील व हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. औषधरोधक जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात थेट १२.७ लाख माणसे मेली, असा २०४ देशांच्या अभ्यासाचा अंदाज आहे.

अशा जीवाणूंवर नवे औषध निघाले, की ते सर्रास वापरू नये, अखेरच्या प्रसंगासाठी राखावे, असे शास्त्र सांगते. अग्निशामक बंबाप्रमाणे ते हाताशी असणे हाच समाजाचा लाभ. बाजार मात्र खप मोजतो. अमेरिकेतील अकेओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या संशोधनात अमेरिकी सरकारचा मोठा निधी होता. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला! औषध गुणकारी होते. फसला तो धंद्याचा हिशेब. पुढे लिलावात त्याचे बहुतेक जगाचे हक्क आपल्या सिप्लाच्या अमेरिकी उपकंपनीने घेतले. ज्या जनतेच्या करातून संशोधन पोसले गेले, तिच्या हाती मालकी आली नाही.

ब्रिटनने २०२२ साली दोन प्रतिजैविकांसाठी, खप कितीही असो, ठराविक वार्षिक रक्कम देण्याचे ठरवले. खपाची साखळी तोडणारे हे पाऊल योग्यच. पण त्यात मालकी कंपनीचीच राहते, आणि गरीब देशांना अशी रक्कम कोठून परवडणार?

आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने. तेथे पेनिसिलिन तर झालेच, शिवाय हॅमायसिन हे बुरशीनाशक तेथल्याच संशोधकांनी शोधले. सार्वजनिक क्षेत्राला तोट्यावरून हिणवणाऱ्यांनी सांगावे : ज्याचा खप कमी ठेवण्यातच लोकांचे हित, त्या औषधाचे यश कोणत्या ताळेबंदात मांडायचे?

आपल्या मागण्यांत औषधांच्या किमती नेहमी येतात, संशोधनाची मालकी क्वचित. सरकारी निधीतून निघालेल्या प्रतिजैविकाचा हक्क सरकारकडेच राहावा आणि त्याचे उत्पादन सार्वजनिक कारखान्यात व्हावे, असा ठराव येत्या अधिवेशनात यावा, अशी माझी सूचना आहे.