फ्लॅशचे स्टँड घेताना

आज आम्ही तुम्हांला एका तीन पायांच्या काठीची हकिकत सांगणार आहोत.

आमचा पुतण्या लग्नाचे फोटो काढतो. फ्लॅश म्हणजे क्षणभर लखकन चमकणारा दिवा. तो कॅमेऱ्यावरच बसवला, तर उजेड अगदी समोरून पडतो. चेहरा चपटा दिसतो. मागे भिंतीवर काळी सावली पडते. म्हणून जाणकार लोक फ्लॅश बाजूला, जरा उंचावर ठेवतात. कॅमेऱ्याचे बटण दाबले, की बिनतारी खुणेने तो चमकतो. उजेड मऊ पडावा म्हणून त्याला पांढरी छत्री लावतात. हे सारे ज्यावर उभे राहते, ते स्टँड.

पुतण्याच्या आईने बचत गटाचे कर्ज काढून त्याला कॅमेरा घेऊन दिला. त्यात पैसे सरले. मग स्टँड घेतले हलके नि स्वस्त. एका लग्नात मांडव उघड्यावर होता. सांजेला वारा आला, छत्रीत भरला, आणि स्टँड आडवे झाले. एका करवलीच्या कपाळाला टाके पडले. फ्लॅश फुटला. कर्जाचे हप्ते मात्र चालूच! पोरगं आठ दिवस कुणाशी बोललं नाही.

मग आम्ही त्याच्याबरोबर तालुक्याला गेलो. दुकानात एकेक स्टँड उघडून पाहिले. दुकानदार वैतागला. वैतागू द्या, पैसे आपले जातात.

कडब्याची गाडी उंच भरली की कलंडते, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! इथेही तेच. ओझे वर असते, म्हणून पाय लांब हवेत आणि चांगले फाकायला हवेत. स्टँड नळीत नळी सरकवून उंच होते. सगळ्यांत वरची नळी सगळ्यांत बारीक, आणि डुलते तीच. तेव्हा ७ फूट उंची हवी असेल, तर ९ फुटांचे स्टँड घ्यावे. वरची नळी थोडीच बाहेर काढावी. नळ्या आवळून वरून दाबून पाहाव्यात. घसरल्या तर ते स्टँड नको.

काही स्टँडांच्या नळीत हवा कोंडते. कळ सैल सुटली, तरी वरची नळी धाडकन खाली न येता हळूहळू उतरते. बोट चेंगरत नाही, फ्लॅशही वाचतो. असे मिळाले, तर चार पैसे जास्त द्यावेत. डोक्यावरची खुंटी बहुधा ५/८ इंच जाडीची असते. आपला छत्रीचा जोड तिच्यावर बसतो का, तेही तिथेच बघावे.

पण स्टँड कितीही चांगले असो, छत्री लावली की वाऱ्यापुढे ते एकटे टिकत नाही. पुतण्याच्या आईने जुन्या पँटची तंगडी कापून दोन कप्प्यांची पिशवी शिवली. दोन्ही कप्प्यांत वाळू भरली. बैलाच्या पाठीवर गोणी टाकतात, तशी ती स्टँडच्या पायावर आडवी टाकायची. ज्या बाजूला छत्रीचे ओझे, त्याच बाजूला एक पाय काढायचा. गर्दीत धाकटा भाऊ स्टँड धरून उभा राहतो. वारा फारच सुटला, की छत्री मिटून ठेवतात.

वाळू मात्र कोरडीच भरावी. ओल्या वाळूने कापड कुजते.