प्याला टळला नाही तरी



विश्वास डळमळू लागला की माणसाला सगळ्यात आधी प्रार्थनेचाच संकोच वाटतो. मन कोरडं पडलेलं असतं, जुना मोह पुन्हा दाराशी आलेला असतो. कोणत्या तोंडाने देवापुढे जायचं? आधी मन सावरू, मग गुडघे टेकू, असं पुष्कळ जण ठरवतात. रविवारची उपासना चुकत नाही, घरातली प्रार्थना मात्र बंद पडते.

अशांना मी गेथशेमाने बागेकडे पाहायला सांगेन. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत नेलं. आपला जीव किती व्याकूळ झाला आहे, हे त्यांना उघड सांगितलं आणि जागं राहायला विनवलं. ते झोपी गेले. येशू मात्र जमिनीवर पालथा पडून दुःखाचा हा प्याला टळावा म्हणून विनवत होता. तीनदा तो प्रार्थनेला गेला. पित्याच्या इच्छेला होकार देणं त्या रात्री त्यालाही सोपं नव्हतं! प्याला टळला नाही. पण तिसऱ्या वेळेनंतर तो उठला आणि पकडायला आलेल्यांना स्वतःहून सामोरा गेला. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे, एवढं उत्तर मिळालं.

तेव्हा प्रार्थना केली की झगडा मिटतो, असं कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही. खरा झगडा प्रार्थनेतच होतो. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्राने ते जपलं आहे.

हा झगडा वर्षानुवर्षंही चालू शकतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त भेटायचा राहिला होता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. त्या भेटीसाठी त्यांना कित्येक वर्षं लागली. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. पण मुलीच्या मृत्यूनंतरही केडगावच्या मुक्ती मिशनात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

आज रात्री ज्याला शब्द सुचत नसतील, त्याने तेवढंच देवाला सांगावं. तेही जमत नसेल तर मंडळीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला सोबत बसायला बोलवावं. येशूनेही सोबत मागितली होती. आणि असं बोलावणं तुम्हाला आलं, तर उपदेशाची घाई करू नका. जाऊन शेजारी बसा, जागे राहा.