एक खिसा दुसऱ्यासाठी

मी पायदळातला निवृत्त अधिकारी. सध्या मुक्काम महूला. आज खिशाबद्दल बोलणार आहे.

सैनिकाच्या अंगावर जखम बांधायची एक पट्टी असते, फर्स्ट फील्ड ड्रेसिंग. तुकडीत प्रत्येकाची पट्टी एकाच ठरलेल्या जागी असते. का? कारण जखमी माणूस ती स्वतः काढू शकेलच असं नाही. ती काढणार त्याचा जोडीदार, आणि अंधारात त्याला शोधत बसायला वेळ नसतो. नियमही असा, की जखमीला त्याचीच पट्टी बांधायची. आपली आपल्याजवळ ठेवायची, पुढच्या क्षणी आपल्यालाच लागू शकते.

रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या खिशात मात्र पट्टी नसते. म्हणून काहीतरी आपल्या खिशात हवं. मी चार वस्तू ठेवतो.

पहिली, एक जादा स्वच्छ रुमाल. रक्त वाहत असेल तर घडी करून जखमेवर घट्ट दाबून धरा. भिजला तर उचलू नका, त्यावरच दुसरं कापड ठेवा. उचलला की गोठू लागलेलं रक्त पुन्हा सुटतं.

दुसरी, ओआरएसची पुडी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला लावला. पाजणारे बहुतेक नातेवाईकच. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, अंदाज नको.

तिसरी, साखरेच्या दोन पुड्या. मागे इंदूरहून येताना बसमध्ये एक आजोबा घामाघूम झाले, बोलणं अडखळू लागलं. कोणी म्हणालं, "प्यायलाय." शेजारी त्यांची नात होती. विचारलं तेव्हा कळलं, मधुमेहाचं औषध घेतलं होतं आणि जेवण राहिलं होतं. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून साखर दिली. पंधराएक मिनिटांत आजोबांनीच विचारलं, महू आलं का? त्या पुड्यांनी त्यांची तब्येत सांभाळलीच, पण नातीसमोर त्यांची लाजही राखली. एक लक्षात ठेवा : बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. ११२ ला फोन करायचा.

चौथी, पेन आणि कागदाचा तुकडा. आरक्षणाच्या खिडकीपाशी पेन मागणारा हमखास भेटतो. अपघातात तर वेळ आणि घरच्यांचा नंबर लिहून घ्यावा लागतो. मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो.

यातली एकही वस्तू महाग नाही, आणि ते मुद्दाम आहे. पेन भारी असलं की ते देताना हात आखडतो, दिल्यावर लक्ष पेनकडेच राहतं. परत मागावीशी वाटणार नाही अशीच वस्तू या खिशात ठेवा.

पोलिसांचं लचांड मागे लागेल, अशी भीती बऱ्याच जणांना असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं. रस्त्यावरच्या अपघातात चांगल्या हेतूने, स्वतःहून मदत करणाऱ्याला या कलमाने संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

साखर जवळ असली की घाम फुटलेला माणूस आधी दारुडा वाटत नाही, आजारी वाटतो. खिशात काही असलं की नजर बदलते. रिकाम्या हातांचा माणूस बऱ्याचदा गर्दीत मागे सरकतो. त्याचं मन वाईट नसतं, काय करावं हे त्याला सुचत नाही.

उद्या घराबाहेर पडण्याआधी एक खिसा ठरवा. त्यात काय ठेवलंय ते घरच्यांनाही सांगा. कधी ती पट्टी तुम्हालाच लागेल आणि काढणारा हात दुसऱ्याचा असेल.

जय हिंद.