दुकानाची वही

(वैभववाडी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



गांवचें दुकान कां बुडतें, असें विचारलें म्हणजे कोणी म्हणतो दुकानदार आळशी, कोणी म्हणतो मोबाईलवरून माल मागविण्याचें खूळ आलें. दोहोंत थोडें तथ्य असेल. पण खरें कारण उधारीच्या वहींत आहे. एका दुकानदारानें बेरजा तपासण्यास आपली वही माझ्यापुढें ठेवली. भात पिकविणाऱ्या घरांच्या नांवें श्रावणांत तांदुळाचीच उधारी! पुढें सुतार, पुढें कुंभार. आणि शेवटच्या पानावर, सांगावयास लाज वाटते, खुद्द माझें नांव.

पूर्वीं ही वही मुंबईच्या मनिऑर्डरीवर मिटत असे. घरचा कोणी तरी गिरणींत असावयाचा. पोस्टमन येऊन गेला कीं वहींत काट पडे. 18 जानेवारी 1982 रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येकांना पुन्हां काम मिळालेंच नाहीं. गिरणी परळांत बंद पडली, पण दुकान घाटाखालीं बसलें. पुढें 8 नोव्हेंबर 2016 ला पांचशें-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, 2020 सालीं टाळेबंदी आली. देशभरच्या लहान दुकानांवर हेच घाव पडले. गिऱ्हाइकाचा हात रिकामा, मग गल्ला भरणार कोठून?

आतां व्यापाराची उलटी रीत पाहा. आपला दुकानदार पुष्कळ माल रोखीनें आणतो आणि उधार विकतो. शहरांतला मोठा बाजारवाला कंपनीकडून उधार घेतो आणि आपल्याला रोखीनें विकतो. शिवाय त्याची खरेदी घाऊक. म्हणून गांवांत साबण दोन रुपयांनीं महाग पडला तर त्यांत आपल्याच उधारीचें व्याज आहे हें ध्यानांत घ्या.

बरें, मोठे तरी तरले काय? बिग बझार 2001 त निघाला. कर्जावर दुकानें वाढविलीं. टाळेबंदींत गिऱ्हाईक घरीं बसलें, हप्ते मात्र बसले नाहींत. 2022 त ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायासनापुढें उभी राहिली. उधारी लहानाला बुडविते तशी मोठ्यालाही.

इंग्लंडांत रॉचडेल गांवीं 1844 सालीं विणकरांसारख्या कष्टकऱ्यांनीं स्वतःचें दुकान काढलें. नियम असा, कीं विक्री रोखीनेंच, आणि नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या मानानें परत. मुंबईंत नायगांवच्या कामगारवस्तींत 1948 सालीं निघालेला अपना बाजार त्याच सहकाराच्या वाटेचा.

श्रावणांत रोख द्या असें मी म्हणणार नाहीं. तें माझ्यासारख्या पगारदारानें म्हणूं नये. पण चहा, साबण, तंबाखू तरी उधार नको. आणि काजूचा पैसा हातीं आला कीं लग्नाच्या मांडवाआधीं दुकानाची बाकी द्यावी. हें दुकान मिटलें तर मिठाच्या पुडीसाठीं म्हातारीला एस.टी.नें बाजार गांठावा लागेल. माझी बाकी मीं त्याच संध्याकाळीं दिली. येत्या काजूंतून कोण किती फेडील तें आतां येथेंच बोलावें. मी लिहून घेतों.