पाखरांच्या नावांना गुण द्या



पावसाची झड लागली, मैदानावर चिखल झाला, की वर्गात 'नाव, गाव, फळ, फूल' हा खेळ रंगतोच. आमच्याकडे त्यात पाचवा रकाना पक्ष्याचा असे. १९९४ सालच्या श्रावणातली, वऱ्हाडातल्या एका शाळेची गोष्ट. 'त' अक्षर निघाले. कुणी तितर लिहिला, कुणी तांबट. गुरे राखणाऱ्याच्या मुलाने लिहिले, 'तणमोर'. मी वर्गातला लहानसा शब्दकोश उघडला. शब्द नव्हता. दिले शून्य! पोरगा म्हणाला, "गुरुजी, पावसाळ्यात गवतातून उड्या मारते नं थे पाखरू!"

खरेच होते त्याचे. विणीच्या दिवसांत तणमोराचा नर मादीला दिसावे म्हणून उंच गवताच्या वर झेप घेतो, दिवसातून शेकडो वेळा. आता हा पक्षी फारच थोडा उरला आहे. ज्याने तो डोळ्यांनी पाहिला त्याला शून्य, आणि पुस्तकातला तितर लिहिणाऱ्याला दहा! हा न्याय माझाच, दुसऱ्या कुणाचा नव्हे.

इंग्रजीत स्क्रॅबल म्हणून अक्षरे जुळवायचा खेळ आहे. त्याच्या मान्य शब्दांत न्यूझीलंडचा 'मोआ' आहे. तो पक्षी काही शतकांपूर्वीच नामशेष झाला. नावाला अजून गुण मिळतात. आपली कोकिळाही तिथे 'कोएल' होऊन बसली आहे, बरं का!

मग आम्ही भिंतीला एक वही टांगली. नवे नाव लिहायचे तर पाखरू कुठे पाहिले, रंग कसा, ओरडते कसे, नाव कुणाकडून ऐकले, हे सांगायचे. शिवाय एका वडीलधाऱ्याची साक्ष हवी. नाहीतर पोरे काय, रोज नवे पाखरू जन्माला घालतील! एकाच पक्ष्याची दोन नावे आली तर दोन्ही घ्यावीत. भारद्वाजाला कुणी सोनकावळा म्हणतात, कुणी कुकुडकोंबा. म्हणजे एकाच पाखराने तीन अक्षरे भागली! मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' शाळेत असेल तर ताडून पाहा. नसला तरी वही थांबवू नका. पोरांना घरट्यांजवळ मात्र जाऊ देऊ नका.

पुढच्या झडीला 'क' काढा. कावळा, कबूतर, कोंबडा येतीलच. एखाद्या मुलीने 'करवानक' लिहिले, तर लगेच खोडू नका. विचारा, "बाई, त्याचे डोळे कसे असतात गं?" "मोठाले, पिवळे," म्हणाली, की द्या पुरे दहा गुण.